खांबाकडून बाहेर पाहताना

४ मार्च

सिमेंटवाल्यांनी फुकट दिलेल्या डायऱ्या दरवर्षी कपाटात पडून राहतात. यंदाची उघडली, कारण आज सांगण्यासारखं घडलं आणि सांगायला घरात कुणी नव्हतं. ही बाजारात गेलेली.

भिंगरीला काम मिळालं! भिंगरी म्हणजे आमची एकुलती एक. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून पडलेलं नाव. आता चौतिशीची घोडी झाली तरी तेच चालू आहे. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून चार महिन्यांपूर्वी तिनं स्वतःचं ऑफिस काढलं. ऑफिस म्हणजे भाड्याची एक खोली. नव्या बसस्थानकाच्या छपराचे कारखान्यात जाणारे नकाशे आता ती करणार. हे काम तडीस गेलं तर ऑफिस उभं राहील. फसलं तर त्याच कंपनीत खालमानेनं परत जावं लागेल, आणि ते मला बघवणार नाही.

गंमत पुढेच आहे. बसस्थानकाच्या मोठ्या साहेबांनी अट घातली, "नकाशे तुम्ही करा, पण ताकदीचा हिशोब तुमच्या वडिलांचा हवा." तीन वर्षांपूर्वी याच टेबलावरून ती तणतणत उठून गेली होती. तेव्हापासून आमचं बोलणं हिच्यामार्फत. आता झक मारत एकत्र काम करणं आलं.

मला फार आनंद झाला आहे. चेहऱ्यावर दाखवणार नाही.

७ मार्च

हिनं आज विचारलं, "तुमचं दोघांचं तेव्हा नेमकं कशावरून बिनसलं हो? मला अजून कळलेलं नाही."

टेबलावर कागद उडू नयेत म्हणून अँगलचा एक तुकडा ठेवलेला असतो, तो हातात घेतला. अँगल म्हणजे काटकोनी पोलादी पट्टी, एक पाय लांब, एक आखूड. तिला म्हटलं, "याच्यावर सरळ वरून वजन टाकलं तर हा सरळ खाली वाकत नाही, बाजूलाही कलंडतो. कारण याच्या अंगात याच्या स्वतःच्या दोन तिरक्या दिशा असतात. त्यांना मुख्य अक्ष म्हणतात. एका दिशेला हा ताठ, दुसरीला अगदीच लेचापेचा."

"तुमच्यासारखा."

"ऐक तर. छपराला अशा लांब फासळ्या आहेत, पंख्यासारख्या पसरलेल्या. प्रत्येक फासळी थोडी फिरवून बसवायची, म्हणजे ताठ बाजू वजनाला सामोरी येते. कुठली किती अंश फिरवायची ते मी काढतो. घड्याळाच्या उलट फिरवली तर अधिक, घड्याळासारखी फिरवली तर उणे."

"मग भांडायचं काय त्यात?"

"बघायचं कुठून, यावर भांडण. मी खांबापाशी उभा राहून बाहेर बघतो. ती बाहेरच्या टोकाला उभी राहून खांबाकडे बघते. काचेचं घड्याळ मागून बघ, काटे उलटे फिरतात. माझं अधिक ते तिचं उणे."

ही थोडा वेळ तुकडा उलटसुलट करून बघत राहिली. "म्हणजे दोघंही बरोबर की. नुसते समोरासमोर उभे आहात."

म्हटलं, तसं नसतं ते. पण कसं असतं हेही सांगता येईना.

११ मार्च

व्हायचं तेच झालं. हिच्या फोनवरून आमची जुंपली.

"बाबा, सगळं जग टोकाकडून बघतं."

"सगळं जग म्हणजे तुझं ते सॉफ्टवेअर."

"तुम्ही तुमच्या पद्धतीनं तक्ता पाठवलात की मला एकूण एक चिन्ह उलटं करत बसावं लागतं. एखादं राहिलं तर? तुम्हीच उलटं करून पाठवा ना."

"मी आजवर खांबाकडूनच बघत आलोय. माझ्या कागदांच्या तळाशी तसं छापलेलं असतं. तळ वाचायचा की झालं."

"माहितीये. आकडा वाचायच्या आधी कागदाचा तळ वाच. दहा हजार वेळा ऐकलंय."

"मग वाच!"

फोन तिनं आधी ठेवला की मी, आठवत नाही. दिवसभर डोक्याचं भुसकट झालं.

१२ मार्च

दाढ दुखते. बाकी काही नाही.

१५ मार्च

ही म्हणाली, भिंगरी वाळली आहे, जेवणाची शुद्ध नसते, उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकते. मी म्हटलं, मग मी काय करू? आणि मग छत्री दुरुस्तीला टाकायच्या निमित्तानं तिच्या ऑफिसच्या गल्लीत गेलो.

खालच्या मजल्यावरची खोली, रस्त्याच्या बाजूला काच. एक टेबल, दोन खुर्च्या, त्यातली एक पाहुण्यासाठी कोरी करकरीत. भिंतीवर काहीतरी लिहिलेला कागद चिकटवलेला, लांबून वाचता येईना. भिंगरी माझ्याकडे पाठ करून पडद्यासमोर उभी होती आणि उजवा हात हवेत धरून अंगठा ताठ, बोटं वळवलेली, असं करून बघत होती. वळण कुठल्या दिशेला ते ओळखण्याची ती खूण मीच तिला शिकवली, सातवीत असताना. हात या बाजूला करी, मग त्या बाजूला करी, मग मान हलवी. एकटीच.

दार ढकलायला हात पुढे केला होता. तो मागे घेतला. छत्री तशीच घेऊन घरी आलो.

ठरवलं. तक्ता तिच्या पद्धतीनं देतो. या वयात माझं नाक थोडं खाली आलं म्हणून काही छप्पर कोसळत नाही. हिला सांगितलं, "मी सगळी चिन्हं उलटी करून देतोय. पण तिला बोलू नकोस. कागद हातात पडले की तिचं तिला कळू दे."

ही खुदकन हसली. "बरं, नाही बोलत. या घरात 'सांगू नकोस' म्हणणारे वाढत चाललेत."

"म्हणजे?"

"काही नाही. दोघंही एका माळेचे मणी आहात, एवढंच."

आता यात हसण्यासारखं काय होतं?

१९ मार्च

तक्ता पुरा झाला. उणेचं अधिक करणं सोपं, मधून एक उभी रेघ मारली की झालं. अधिकचं उणे करायला मात्र खोडावं लागतं. मग म्हटलं, असला खोडाखोडीचा गबाळा कागद पोरीला नको. सगळा नव्यानं लिहून काढला, माझ्या नेहमीच्या छापील कागदांवर, सुवाच्य अक्षरात. तळाशी तो जुना छापील मजकूर आहेच, पण तो आता कोण वाचतं.

लिहिताना हाताला फार जड गेलं, खोटं कशाला बोलू. प्रत्येक चिन्ह लिहिताना आतून कुणीतरी म्हणे, चुकलास. पण पाठवून आल्यावर इतकं हलकं वाटलं की हिला स्वतः चहा करून दिला. साखर विसरलो. ती बिचारी तसाच प्यायली.

२१ मार्च

भिंगरीचा फोन. तीन वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्या फोनवर.

"बाबा, तक्ता मिळाला. किती छान लिहिलाय. आणि ऐका, चिन्हांवरून आता आपण भांडायचं नाही. मिटलं ते."

"मिटलं," मी म्हटलं.

"खरंच मिटलं ना?"

"अगं, मिटलं म्हणजे मिटलं."

 फोन ठेवावासा वाटत नव्हता. तिला सगळं कळलं, आणि शब्दही न काढता तिनं ते मान्य केलं. पोरगी शहाणी आहे. उगाच तीन वर्षं वाया घालवली मी.

३ एप्रिल

तिचे नकाशे तपासायला आले. काय सफाई आहे! माझ्या वेळी एवढ्या कामाला दोन माणसं आणि महिना लागायचा. बोल्ट, जाडी, वेल्डिंग, सगळं जिथल्या तिथे.

शेवटी फासळ्यांचे कोन. पाठवलेल्या तक्त्याची प्रत हिनं कुठे आवरून ठेवली ती सापडेना, म्हणून माझे मूळ कच्चे कागद काढले आणि ताडून पाहिलं. एकूण एक आकडा जुळला, एकूण एक चिन्ह जुळलं. इतकं चोख जुळलेलं काम बऱ्याच दिवसांनी पाहिलं. डोळे निवले. सही ठोकली.

२० एप्रिल

आम्ही दोघं बसस्थानकावर जाऊन आलो. फासळ्या चढवणं चालू आहे, प्रत्येकीच्या टोकाखाली तात्पुरता टेकू. भिंगरी डोक्यावर पिवळं टोपडं घालून उभारणीच्या फोरमनशी हातवारे करत बोलत होती. मला पाहिलं आणि कुठूनतरी खुर्ची पैदा केली.

"बसा बाबा. इथून सगळं दिसतं."

मोठे साहेब आले, म्हणाले, "तुमची मुलगी म्हणजे काम आहे हो. पुढच्या टप्प्याचंही तिलाच द्यावं म्हणतोय." मी "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं" असं काहीतरी पुटपुटलो. आतून उड्या मारत होतो. परतताना ही म्हणाली, "रस्त्यात एवढं हसू नका, लोक बघतात."

२५ एप्रिल

काही सुचत नाही. तरी लिहितो.

दुपारी भिंगरीचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "बाबा, पहिल्या फासळ्यांचे टेकू काढले आणि फासळ्यांनी मान टाकली. खाली झुकल्या आणि पिळल्या. सगळ्या एका बाजूला."

"कुणाला लागलं?"

"नाही. फोरमननं सगळ्यांना आधीच मागे घेतलं होतं. टेकू परत लावलेत. साहेबांनी काम थांबवलंय." मग एकदम लहानपणीसारखं, "बाबा, काय चुकलं माझं?"

म्हटलं, "तुझं काही चुकलेलं नाही. बघतो मी." फोन ठेवला, आणि काय बघायचं तेच कळेना. 

पुन्हा हिशोब केला. बरोबर. पुन्हा केला. बरोबर. मग नकाशा घेतला. ही दारात उभी होती. तिला हातात काहीतरी दिलं की बरं वाटेल म्हणून अँगलचा तुकडा दिला आणि म्हटलं, मी सांगतो तशी फिरव. नकाशात होतं तशी तिनं फिरवली, टोकाकडून बघून. लेचीपेची बाजू वर आली.

म्हटलं, "हे शक्यच नाही. मी चिन्हं उलटी करून पाठवली होती."

हिनं तुकडा फिरवायचा थांबवला. "तिनंही केली."

"काय केली?"

"उलटी. तिनं मला मार्चमध्येच सांगितलं होतं. म्हणाली, आई, बाबांना या वयात सवय बदलायला लावणं बरं नाही. त्यांचं येईल तसं येऊ दे, मीच उलटं करून घेईन. पण त्यांना बोलू नकोस, आपण हरलो असं वाटेल त्यांना." हिनं पदरानं डोळे पुसले. "आणि मग तुम्हीही तेच येऊन सांगितलंत. मला वाटलं, अगं बाई, दोघांनाही सुबुद्धी झाली! मला किती आनंद झाला होता हो. मला काय माहीत, दोघांनी केलं की होत्याचं नव्हतं होतं!"

 ती रडत होती आणि तुकडा हातात तसाच धरून होती. तीन एप्रिलला माझ्या मूळ कागदांशी सगळं जुळलं आणि मी नाचलो. पाठवलेलं उलटं असताना मुळाशी जुळतंय कसं, एवढं माझ्या टाळक्यात आलं नाही. सही माझीच आहे त्यावर.

२६ एप्रिल

दिवसभर एकच धडपड: आहेत त्याच फासळ्या वाचवता येतात का. जागच्या जागी फिरवून बसवाव्यात तर टोकांच्या पट्ट्या त्याच तिरकसपणानं जोडलेल्या, भोकंही तशीच पाडलेली. डावीकडच्या उजवीकडे लावल्या तर, दोन्ही बाजूंची चिन्हं एकमेकांच्या उलट असल्यानं, ती आपोआप सुधारतात! तासभर जिवात जीव आला. मग लक्षात आलं, हा पंखा दोन्हीकडे सारखा नाही. रस्त्यामुळे उजवी बाजू आखूड आहे. चार-पाच जमतील, बाकीच्या नाहीत. सगळ्या नव्यानं करायला हव्यात.

भिंगरीला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "म्हणजे बाबा, आपल्यापैकी एक जण हट्टी राहिला असता तर बरं झालं असतं." आणि हसली. तिचं ते हसणं ऐकवलं नाही मला.

आता तिचं काय होणार? या वयात माझी कामं गेली काय, राहिली काय. तिचं मात्र पहिलंच काम आहे. मी काय करू शकतो? काहीच नाही. नाही, एक करू शकतो.

२८ एप्रिल

मोठ्या साहेबांकडे जाऊन आलो. हिला बोललो नाही, आता या बाबतीत घरात काही बोलायची भीतीच वाटते. साहेबांना सरळ सांगितलं, "चूक माझी एकट्याची. तक्त्यातली चिन्हं मी बदलली आणि तळाचा मजकूर तसाच ठेवला. तिनं तळ वाचून केलं ते बरोबर केलं. मला काढा, माझं नाव कागदांवरून काढा. पण काम तिच्याकडे राहू द्या."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. कपाळ चोळलं. म्हणाले, "बघतो."

त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. नाराज म्हणावा तर तसाही नाही. पण चूक मान्य करणारा माणूस त्यांना रोज कुठे भेटत असेल? मला वाटतं, पटलं त्यांना. बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो.

३० एप्रिल

साहेबांचा फोन आला.

"परवा तुम्ही आलात ना, त्याच्या आधी तासभर तुमची मुलगी येऊन गेली होती. तिनंही हेच सांगितलं. चूक माझी एकटीची, न विचारता मी चिन्हं बदलली, बाबांचा हिशोब बरोबर आहे, त्यांचं नाव खराब करू नका, मला काढा." मग म्हणाले, "मी तरी काय करू सांगा. एकाच चुकीला दोन मालक. वरच्या लोकांसमोर मी हे ठेवलं, तर ते म्हणाले, दोघंही कबूल आहेत, दोघांनाही थांबवा. माझा नाइलाज झाला हो."

मी म्हटलं, "साहेब, ती खोटं बोलली."

ते म्हणाले, "ती म्हणाली होती, बाबा आले तर खोटं बोलतील."

१ मे

 हिनं दोनदा चहा केला, दोनदा ओतून दिला.

६ मे

भिंगरी जुन्या कंपनीत परत जाते आहे. सोमवारपासून. घरी येऊन शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, "अगं, साहेबांकडे जाण्याआधी मला एक फोन करायचास."

"तुम्ही केलात?"

आतून ही म्हणाली, "आणि मला विचारायला काय झालं होतं दोघांना?"

 भिंगरी उठली. खोली आज रिकामी करून द्यायची होती. मी म्हटलं, "मी येऊ का?" ती नको म्हणाली आणि जिन्यावरून हाक मारली, "या, पण काही उचलायचं नाही तुम्ही."

नेण्यासारखं फार नव्हतं. संगणक तिनं खोक्यात भरला. मी पाहुण्यासाठी घेतलेल्या त्या कोऱ्या खुर्चीवर बसलो. तिच्यावर आजवर कुणी बसलेलं दिसत नव्हतं, प्लॅस्टिक तसंच होतं. समोरच भिंतीवर तो कागद, मार्चमध्ये काचेतून वाचता न आलेला. मोठ्या ठसठशीत अक्षरात, लाल पेननं, खाली दोन रेघा मारून:

"बाबांचे आकडे: खांबाकडून बाहेर पाहताना. आधी उलटे करणे. त्यांना विचारत बसू नये."

खाली छोटा खांब काढला होता, त्याच्यापाशी एक चष्मेवाला माणूस, बाहेर बघणारा. माझं नाक बरोबर जमलं होतं.

म्हटलं, "हा मी काढतो."

"असू दे बाबा, घरमालक काढेल."

पण मी उठलो. चिकटपट्टी चारही बाजूंनी पक्की लावलेली, निघता निघेना. नखानं हळूहळू सोडवली, तरी एका कोपऱ्यात रंगाचा पोपडा आलाच. कागद घडी न घालता तसाच धरून घरी आणला आणि टेबलावर ठेवला. त्याच्यावर अँगलचा तुकडा ठेवला, उडू नये म्हणून.